येतो म्हणालात ना

नबील, तो मोबाईल उलटा ठेव बघू. आणि ओम, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मध्येच खी खी नको. मी काही सिनेमा सांगत नाहीये. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो शिरीष गायधनी माझ्याच प्लांटवर, इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होता. इथे आखातात, जुबैलमध्ये, सात वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहिला. थापा मारणं त्याच्या स्वभावातच नाही. कुणाकडे आमटीत मीठ कमी पडलं तर तसं तोंडावर सांगायचा, त्यामुळे त्याला सहसा कुणी जेवायला बोलवत नसे.

तारीखही सांगतो. सतरा जानेवारी, दोन हजार पंचवीस, शुक्रवार. म्हणजे घडलं ते त्या रात्री, शनिवार उजाडायच्या आत.

शिरीषची बायको पद्मजा आणि मुलगी रेवा नाशिकला असायच्या. रेवा तेव्हा चौदा वर्षांची, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये. पोरगी डावखुरी. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो, आणि शाळेत तसा एकही नव्हता. मग ती बिचारी भलत्याच ग्लोव्हमध्ये हात कोंबून खेळायची आणि सोपे सोपे कॅच सोडायची. मंगळवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

त्यात शिरीषने लागोपाठ तीन सुट्ट्या रद्द केलेल्या. दर वेळी फोनवर 'येतो गं' म्हणायचा आणि दर वेळी प्लांटचं शटडाऊन निघायचं. या वेळी मात्र शनिवारी रात्रीचं दमामहून मुंबईचं तिकीट हातात होतं. रेवाने बापाला बजावलं होतं, "बाबा, या वेळी नाही आलात ना, तर पुन्हा कधीच मला येतो म्हणू नका." पोरीचं हे वाक्य त्याने मला दोनदा ऐकवलं, आणि दोन्ही वेळा त्याला धड हसता आलं नाही.

तर काम एवढंच. रियाधला शुक्रवारी फिलिपिनो आणि जपानी लोकांची बेसबॉलची मॅच होती. त्यातला एक फोरमन नोकरी संपवून कायमचा घरी चालला होता, आणि त्याच्याकडे डावखुऱ्याचा ग्लोव्ह होता. तो घेऊन यायचा. शहाणा माणूस बसने गेला असता. पण शिरीषने मोटरसायकल काढली, मागे तंबू बांधला, वर स्टोव्ह आणि किटली. इथे थंडीत सगळेच वाळवंटात तंबू ठोकायला जातात, कश्ता म्हणतात त्याला, पण जातात ते दहा जण मिळून. मी म्हटलं, अरे, परवा तुझं विमान आणि तू एकटा कुठे मरायला चाललास? तर म्हणाला, "काका, सात वर्षांत एक रात्र तरी माझी म्हणून हवी." मी उगाच 'मरायला' हा शब्द वापरला. अजून त्याचं वाईट वाटतं.

गुरुवारी रात्री तो रियाधच्या बत्हा भागात एका मित्राकडे उतरला. शुक्रवारी दुपारी मॅच बघितली. फोरमनने ग्लोव्ह त्याच्या हातात दिला आणि 'मुलीला सांग, रोज थोडं तेल लाव' म्हणाला. एवढ्यावर निघायला हवं होतं. पण मॅच संपल्यावर त्या पोरांनी मैदानातच गिटार, ड्रम मांडले आणि गाणी सुरू केली. समोर बसून असं गाणं ऐकायला शिरीषला किती वर्षांनी मिळालं! तो बसूनच राहिला. तिथूनच त्याने रेवाला फोन लावला. मागे ड्रम वाजत होते, त्यामुळे ओरडून बोलावं लागलं. "ग्लोव्ह मिळाला! येतो गं! नक्की येतो!"

निघायला आठ वाजले. हायवे सोडून त्याने दहना वाळवंटाच्या लाल वाळूतला जुना, एकेरी रस्ता धरला. साडेदहाला रस्त्यापासून थोडं आत, एका टेकाडाच्या आडोशाला तंबू ठोकला. लाकडं पेटवली, नूडल्स खाल्ले, आणि सुखाने झोपला.

थंडीने जाग आली. एक वाजून वीस मिनिटं. घड्याळ बघितल्याचं त्याला पक्कं आठवतंय. बाहेर येऊन त्याने विस्तव फुंकला, किटली ठेवली. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"गाणं संपलं का हो?"

मराठीत.

विस्तवाच्या पलीकडे, उजेड संपतो तिथे, एक माणूस उकिडवा बसला होता. अंगभर घोंगडी, खालून निळा कव्हरऑल डोकावत होता. शिरीष दचकला, पण मराठी कानावर पडलं की भीती निम्मी जाते. त्याला वाटलं, जवळ कुठे रस्त्याचं काम असेल, तिथला कुणी असेल.

"कुठलं गाणं?" शिरीषने विचारलं.

"ते ढोल वाजत होते ना संध्याकाळी. तुम्ही पोरीशी बोलत होता."

मैदान तिथून दीडशे किलोमीटर मागे राहिलं होतं. शिरीष म्हणतो, ते तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. त्याने चहा ओतला, कप पुढे सरकवला आणि नाव विचारलं.

"पांडू. मी बी नाशिककडचाच. सटाण्याचा. इथं पाण्याच्या टँकरवर होतो."

"होतो म्हणजे? आता कुठे?"

"एक्झिट झालाय माझा. फायनल एक्झिट, कायमचं गावाला जायचं. पण कागद नाय निघाले. राहायचा परवाना, इकामा, संपलेला, मालक कफील फोन घेत नाय. मग राहिलो इथंच." त्याने घोंगडी ओढून घेतली. "तुम्ही कधी निघणार गावाला?"

"उद्या रात्री."

"उद्या..." पांडू म्हणाला. "सटाणा लांब पडत असंल तुम्हाला."

शिरीष काहीतरी उत्तर देणार होता. त्याने तोंड उघडलं आणि तोंडातून वाफ निघाली. थंडीच तशी होती, चार-पाच डिग्री. त्याची वाफ विस्तवावरून पलीकडे गेली.

पांडू इतका वेळ बोलत होता. त्याच्या तोंडातून वाफ... येत नव्हती.

शिरीषने कपाकडे पाहिलं. चहाला कुणी हात लावला नव्हता. त्याने पुन्हा पांडूच्या तोंडाकडे पाहिलं. पांडू बोलत होता. गावचं, कांद्याचं, बायकोचं. वाफ नाही.

शिरीष उठला. तंबू उपटला, जमेल तसा कोंबला. पांडू नुसता बघत होता. गाडी सुरू झाली. आणि जाता जाता, जन्माची सवय, शिरीषच्या तोंडून निघून गेलं.

"बरं... येतो मी."

पांडूने मान वर केली. "या," तो म्हणाला. "लई दिवसांनी कुणी असं म्हणालं."

चाळीस किलोमीटरवर एक पेट्रोल पंप आहे. त्याच्या शेजारी बदरुद्दीनची चहाची टपरी. हा महाडचा माणूस, वीस वर्षं त्याच रस्त्यावर. शिरीषचा चेहरा बघून त्याने आधी त्याला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. शिरीषने सगळं सांगितलं. पांडूचं नाव आल्यावर बदरुद्दीनने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"सटाण्याचा पांडू वारला, भाऊ. तीन वर्षं झाली. टँकर उलटला. कागद नव्हते, मयत घरी पाठवायला कुणी पुढे आलं नाही. इकडेच कुठेतरी माती दिली." त्याने शिरीषच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही निघताना काय बोललात?"

"काही नाही. येतो म्हणालो."

बदरुद्दीनने खांद्यावरचा हात काढून घेतला.

"काय झालं?"

"आमच्याकडे मयताच्या घरून उठताना येतो म्हणत नाहीत."

"आमच्याकडेही नाही," शिरीष म्हणाला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो.

"आधी कुणी म्हणालं होतं त्याला?" त्याने विचारलं.

"एक जण. साताऱ्याकडचा."

"मग?"

"नुसती गाडी सापडली," बदरुद्दीन म्हणाला. "तुम्ही सरळ जुबैलला जा. कुठे थांबू नका. यल्ला, निघा."

शिरीष निघाला. छातीशी जॅकेटच्या आत ग्लोव्ह. डोक्यात एकच, उद्याचं विमान. रेवा. सरळ रस्ता. ना वळण, ना फाटा. पंधरा किलोमीटर. तीस. डावीकडे वाळूचं टेकाड आलं. उजेड दिसला. विस्तव.

त्याने गाडी जोरात पुढे काढली. दहा मिनिटं गेली. टेकाड. विस्तव. दोन कप.

आपल्याकडे चकवा लागला म्हणतात ना... रानात लागतो, शेतात लागतो. डांबरी रस्त्यावर लागलेला मी तरी दुसरा ऐकला नाही. तिसऱ्यांदा विस्तव आला तेव्हा गाडी आपसूक बंद पडली. पांडू रस्त्याच्या कडेला उभा होता.

"आलात."

"पांडूभाऊ... मी मुद्दाम नाही आलो."

"येतो म्हणालात ना."

"सवयीने म्हणालो हो. आपल्यात म्हणतात तसं."

"आपल्यात..." पांडू म्हणाला. "आपल्यात खोटं म्हणत्यात का?"

पांडू एक पाऊल पुढे आला. शिरीष सांगतो, पायाखाली वाळूचा आवाज झाला नाही. थंडी वाढली. दात वाजायला लागले. मग तो रडायलाच लागला, पंचेचाळीस वर्षांचा बाप्या.

"पोरीला आधी म्हणालोय," तो म्हणाला. "संध्याकाळी. तुमच्या आधी. तीन वेळा म्हणालो आणि गेलो नाही. आता नाही गेलो तर..."



"आधी म्हणालात?"

"हो."

विस्तवात एक लाकूड तडकलं.

"मी बी म्हणालो होतो," पांडू म्हणाला. "रूपाली, बायको माझी, दारात हुभी होती. येतो म्हणालो अन् निघालो. पाच वरीस झाली." तो बाजूला झाला. "जा. पोरीचा नंबर आधी."

शिरीषने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"भाऊ," मागून आवाज आला. "रूपालीला सांगाल? येतो म्हणालो होतो, ते ध्यानात हाये म्हणावं."

"सांगतो."

त्याने क्लच सोडला. आणि मागचं चाक... दबलं. कुणी मागे बसावं तसं. शिरीषने आरशात पाहिलं नाही. मान वळवली नाही. मागे एक अक्षर नाही. वाफेची ऊब नाही. नुसतं वजन.

पंप गेला. टपरी गेली. पुढचं गाव आलं. मशिदीतून फज्रची, पहाटेची अजान सुरू झाली, आणि गाडी एकदम हलकी झाली.

शिरीष त्याच रात्री विमानात बसला. मीच सोडायला गेलो होतो. त्याने मला हे सगळं दमामच्या वाटेवर सांगितलं, आणि मी ओमपेक्षा जास्त हसलो होतो. रेवाची निवड राखीव खेळाडूंत झाली. तेवढ्यावर पोरगी खूश होती, आणि बाप तर विचारूच नका.

बुधवारी तो सटाण्याला गेला. दिला शब्द होता. गावाबाहेर दोन खोल्यांचं घर सापडलं. रूपाली पस्तिशीची असेल. कपाळावर कुंकू बघून शिरीष गडबडला. तिला कळवलंच नाही की काय, असं त्याला वाटलं. पण तिने स्वतःच सांगितलं, "कागद आला होता, भाऊ. माणूस नाय आला. माती दिसल्याशिवाय मी कसं पुसू?"

शिरीषने निरोप सांगितला, शब्दन् शब्द. ती रडली नाही. तिने नुसती मान हलवली.

"शनिवारी पहाटे कडी वाजली," ती म्हणाली. "मी दार उघडलं. कुणी नव्हतं. उंबऱ्यावर हे होतं, घडी घालून."

तिने त्याला घरामागे नेलं. दोरीवर कामाचा एक निळा कव्हरऑल वाळत होता, पाठीवर अरबी अक्षरं. पाणी टपकत होतं.

निघताना शिरीषला ना येतो म्हणवेना, ना जातो. त्याने हात जोडले. तेव्हा तिनेच दोरीखालची बादली त्याच्याकडे तिरकी केली.

"चार दिवस झाले धुतेय, भाऊ," ती म्हणाली. "बघा, अजून निघतेच आहे."

बादलीच्या तळाशी चार बोटं लाल वाळू होती.