निळ्या नाडीची कडी

माकडाने चष्मा पळवला, तेव्हा अंतराला बनारसला येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. मैत्रेयीला अर्थातच तिचं नाव माहीत नव्हतं. दुर्गाघाटाच्या गल्लीत समोरून येणारी एक मुलगी एकाएकी थांबली, डोळे बारीक करून वर पाहू लागली, आणि वर छज्ज्यावर माकड तिच्या चष्म्याची काडी चावत बसलं होतं... एवढंच तिला दिसलं.

"हलू नका," मैत्रेयी मराठीतच बोलून गेली. घाबरली की ती घरची भाषा बोलायची. "आणि त्याच्याकडे बघून हसू नका. दात दिसले की त्याला राग येतो."

"मी हसत नाहीये. मला दिसतच नाहीये."

मराठी उत्तर ऐकून मैत्रेयी चमकली.

"तुम्ही कुठल्या?"

"साताऱ्याची. अंतरा. बँकेत बदली झालीय इथे. तुम्ही?"

"मैत्रेयी. आम्ही इथलेच, ब्रह्मा घाटाचे. सहा-सात पिढ्या झाल्या. अरे... तो आमच्याच गच्चीवर चालला बघा. चला, केळं दिलं की चष्मा टाकतो. रोजचंच आहे त्याचं."

जिना अरुंद आणि अंधारा होता. मैत्रेयीने तिचा हात धरला आणि एकेक पायरी मोजत तिला वर नेलं. एकतीस पायऱ्या. वर आल्यावर ऊन अंगावर आलं, तरी हात तसाच राहिला. कुणाकडून राहिला, ते मैत्रेयीला नंतरही नीट सांगता आलं नसतं.

ब्रह्मा घाटावरच्या बहुतेक घरांसारखीच त्यांचीही गच्ची लोखंडी जाळीने चहूबाजूंनी आणि वरून बंद केलेली होती. माणसं आत, माकडं बाहेर. मैत्रेयीची आई, शरदिनीबाई, पापड वाळत घालत होत्या.

"अगं, पापडांवर पाय पडेल तिचा."

"आई, तिला दिसत नाहीये."

"मग आणलीस कशाला वर? बस गं बाई इथे. चहा टाकते."

त्या खाली गेल्या. मैत्रेयीने कोपऱ्यातल्या टोपलीतून केळं घेतलं. अंतरा चाचपडत जाळीच्या दारापाशी पोचली आणि तिची बोटं कडीवर थांबली.

"ही कडी तुटलीय," ती हळूच म्हणाली. "नाडीने बांधलीय. धूसर दिसतंय, पण निळी आहे ना?"

"हो, आईच्या परकराची आहे. का?"

"म्हणजे ही रत्नाकरची गच्ची."

मैत्रेयीच्या हातातलं केळं हातातच राहिलं. साताऱ्याकडच्या दोन वनरक्षकांवर एक मालिका चालू होती. मालिकेत रत्नाकर आणि निनाद नुसते मित्र होते. मैत्रेयीने गेली चार वर्षं एका अ‍ॅपवर, 'शिंपला' या नावाने, त्या दोघांच्या कथा लिहून त्यांना प्रेमात पाडलं होतं, भांडायला लावलं होतं, आणि चौदाव्या भागात याच जाळीच्या आत... असो. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. एका वाचकाने तेव्हा विचारलं होतं, साताऱ्यात गच्चीला पिंजरा कुठे असतो? तिने चिडून उत्तर दिलं होतं, लेखकाचं स्वातंत्र्य असतं. खरं म्हणजे जगात सगळीकडेच गच्च्या अशा असतात, असंच तिला वाटत होतं.

"म्हणजे तुम्हीच 'शिंपला'. गच्चीला पिंजरा कुठे असतो, हे विचारणारी मीच," अंतरा म्हणाली. "चौदावा भाग मी बसमध्ये वाचला. कान तापले आणि माझा स्टॉप गेला."

मैत्रेयीचे कान त्याच क्षणी तापले. तिने जाळीचं दार जरासं उघडून केळं बाहेर फेकलं, माकडाने चष्मा दारापाशी टाकला. एका काचेला तडा गेला होता. अंतराने तो तसाच डोळ्यांना लावला आणि तिच्याकडे पाहिलं — बराच वेळ.

त्यानंतर संध्याकाळी बँक सुटली की अंतरा घाटाच्या पायऱ्यांवर यायची, आणि तिथून दोघी गच्चीवर जायच्या. 'तुम्ही'चं 'तू' दुसऱ्याच दिवशी झालं.

फाल्गुन सरत आला तसा घरात सुमंतच्या स्थळाचा विषय निघाला. इंदूरचा, चांगल्या नोकरीतला, बोलायला मऊ. रविवारी त्यांना उत्तर कळवायचं होतं.

"फोटो पाहिला," मैत्रेयी म्हणाली. "कॅलेंडर पाहावं तसं वाटलं. पण मी तर सारखी दोन पुरुषांचंच प्रेम लिहिते. म्हणजे मला पुरुषच आवडत असणार ना?"

"मला मुली आवडतात," अंतरा शेंगदाणे सोलत म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी. "शाळेपासून माहीत आहे. आणि तरी तुझ्या निनादसाठी मी स्टॉप चुकवते. आता बोल."

मैत्रेयीने तिच्या हातातले सोललेले शेंगदाणे घेतले. त्या वाक्यातला नेमका कुठला भाग मनात घोळतोय, हे तिचं तिलाच कळेना.

"मी वाचकांना विचारलं होतं एकदा, तुम्ही कोण, हे का वाचता," ती म्हणाली. "एक नागपूरची दोन मुलांची आई. लातूरचा एक मुलगा, त्याला मुलगे आवडतात. एकीला तर आयुष्यात कुणीच नकोय, आणि ती रोज वाचते. काही नियमच लागत नाही यार. परेशान झाले मी."

"तू लिहितेस तेव्हा कोण असतेस?"

"कधी रत्नाकर. कधी निनाद. कधी नुसती जाळी..." ती थांबली. "मी नसतेच. म्हणून सोपं जातं बहुतेक."

"मग एकदा स्वतःला आत घेऊन लिही की. दोन मुलींचं. मी वाचेन."

"आणि आवडलं नाही तर?"

"तर प्रश्न विचारीन. मला सवय आहे."

मैत्रेयी तीन दिवस लिहीत राहिली. दोन पुरुषांना एका चादरीत आणताना जिचं पेन अडखळलं नव्हतं, तिला दोन मुलींना एका जिन्यातून वर नेता येईना. दीड पान झालं.

रविवारी सकाळी ती आईजवळ पापड उलटायला बसली.

"आई, इंदूरला नाही कळव."

"काय वाईट आहे त्याच्यात?"

"काही नाही. मलाच माझं कळत नाहीये. न कळता हो म्हणून त्याला फसवू का?"

शरदिनीबाईंनी चार पापड उलटले. "दुसरं कुणी आहे?"

"असेल... हो."

"मराठी आहे ना?"

"हो."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग जिन्याच्या दाराकडे, जिथून रोज संध्याकाळी एकच पाहुणी वर यायची. "ते राहिलेले पापड उलट," एवढंच म्हणाली, आणि खाली गेली. आवाजात राग होता की भीती, मैत्रेयीला कळलं नाही. त्या दिवसांत तिला काहीच धड कळत नव्हतं.

संध्याकाळी अंतरा आली. मैत्रेयीने दीड पान तिच्या हातात दिलं आणि स्वतः जाळीकडे तोंड करून उभी राहिली. गंगेवर ऊन उतरत होतं. बाहेर कठड्यावर माकड बसून दोघींकडे बघत होतं.

"वाचलं," अंतरा म्हणाली. "हे इथेच का थांबलंय?"

"पुढचं मला माहीत नाही. मी कोण आहे तेही माहीत नाही अजून. फक्त तू आली नाहीस की... पायऱ्यांवर बसवत नाही मला."

अंतराने कागद उन्हाकडे धरून पुन्हा एकदा वाचला.

"एक चूक आहे यात."

"आता काय? गच्चीला जाळी?"

"जाळी बरोबर आहे. पण इथे लिहिलंयस, जिना संपल्यावर ती मुलगी हात सोडते." अंतराने तडा गेलेला चष्मा नाकावर सारला. "तू सोडला नव्हतास."

मैत्रेयीने हात पुढे केला. कागदावरची दुरुस्ती तशीच राहून गेली.