सॅम्पल फ्लॅटमधलं दूध

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबा. मला कुणाशी वाद घालायचा नाही. भुताखेतांच्या गोष्टींना सगळ्यात मोठ्यानं हसणारी बाई मीच होते, आमच्या घरात कुणालाही विचारा.

पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

सोलापूर. होटगी रोड. गेल्या वर्षीची अक्षय तृतीया.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपार होती. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

मी वैजयंती. आमच्या घरात दोन भाऊ. थोरले शिवराज, म्हणजे माझे मिस्टर, आणि धाकटे गुरुराज. दोघांचा मिळून बिल्डिंगचा धंदा. जागा बघायची, बांधायचं, फ्लॅट विकायचे. ऑफिस सात रस्ता चौकाजवळ. मीही मदत करते. गिऱ्हाईक जोडीनं आलं की नवऱ्याला पार्किंग आणि कर्जाचं बोलायला ऑफिसात बसवायचं, आणि बाईला स्वयंपाकघर दाखवायचं काम माझं. बाईला ओटा आवडला की फ्लॅट विकला गेलाच म्हणून समजा.

गुरुराजची बायको दानेश्वरी. माझी धाकटी जाऊ. माहेर अक्कलकोटच्याही पलीकडं. घरात कानडी, बाहेर मराठी. मला 'अक्का' म्हणायची.

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

दिसायला देखणी होती, ते जाऊ दे. पण घरात जे काही चांगलं येईल ते फिरून फिरून तिच्याकडंच जायचं. दिवाळीला दोघींना सारखी साडी आणली, तरी पाहुणे म्हणणार, "दानेश्वरीला काय शोभते बाई!" का? मी काय चादर गुंडाळून उभी होते?

आम्ही सगळे जुन्या घरात. सासूबाई, दोन भाऊ, पोरं. ओटा एकच. त्या ओट्यावर आम्ही दोघी. तिला एक सवय होती. काहीही ढवळलं की चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवायची.

टिंग... टिंग.

दिवसभर ते ऐकून माझं डोकं उठायचं.

मला माझं स्वयंपाकघर हवं होतं. बास. दागिने नको, गाडी नको. फक्त माझा एकटीचा ओटा.

म्हणून होटगी रोडची बिल्डिंग निघाली तेव्हा मी मिस्टरांकडून शब्द घेतला. पहिल्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट आपला. ते म्हणाले, "घे की. पण बुकिंग संपेपर्यंत तो सॅम्पल फ्लॅट राहील."

सॅम्पल फ्लॅट म्हणजे बाकीची बिल्डिंग अर्धी कच्ची असताना एकच फ्लॅट पुरा सजवून ठेवतात, लोकांना दाखवायला. सोफा, पडदे, ओट्यावर शेगडीसुद्धा. पण ती नुसती शोभेला. खाली ना सिलिंडर, ना पाइप.

तो फ्लॅट मी सजवला. ओट्याचा काळा ग्रॅनाइट मी निवडला, पूर्वेची खिडकी मी मोठी करून घेतली. धूळ खात मिस्त्रीच्या मागं मी फिरले. दानेश्वरी एकदा आली, खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, इथं लई छान वाटतं हो."

मी पुढं होऊन खिडकी लावून घेतली.

मग गुढीपाडव्याची जाहिरात ठरली. सात रस्त्यावर मोठा बोर्ड लावायचा. नव्या घरात बाई दूध उतू घालते, असा फोटो. आमच्यात नव्या घरात शिरलं की पहिलं दूध उतू घालतात. ज्या बाईच्या हातून दूध उतू जातं, तिचं ते घर. सगळीकडंच असतं हे, नवीन काही सांगत नाही.

मी ठेवणीतली इरकल नेसून तयार. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून बघितलं.

"मोठ्या वहिनी, तुम्ही जरा बाजूला होता का? धाकट्या वहिनींचा चेहरा फोटोत चांगला येतोय."

मेला!

मी बाजूला झाले. काय करणार, दीर आणि मिस्टर दोघंही मान डोलवत होते.

फोटोग्राफर म्हणाला, दूध कशाला, साबणाचा फेस घालू, फोटोत सारखंच दिसतं. पण दानेश्वरीनं ऐकलं नाही. "देवाचं काम हाय. फेस नको." दूध मागवलं. तेवढ्यापुरता एक छोटा सिलिंडर आणून जोडला. तिनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं. डोळे मिटून हात जोडले. कॅमेरा अजून चालूही झाला नव्हता...

ती फोटोसाठी करत नव्हती. खरंच करत होती.

दूध वर आलं आणि पूर्वेच्या बाजूला भरभरून उतू गेलं. तिनं चमचा काठावर वाजवला, टिंग टिंग, आणि माझ्याकडं बघून हसली.

"अक्का, दूध मी उतू घातलं. आता हे घर माझं की!"

सगळे हसले. मीही दात दाखवले.

घरी आल्यावर सासूबाई, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, ऐकून हातातलं निवडण खाली ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "फोटोसाठी करा न्हायतर कशासाठी बी करा. दूध खरं व्हतं न्हवं? मग झालं."

बोर्ड लागला. बुकिंग धडाधड झालं. त्या वर्षी गणपतीत दानेश्वरीला ताप आला. डेंग्यू म्हणाले. दवाखान्यात नेली ती घरी आलीच नाही. मूलबाळ नव्हतं.

मी रडले. खोटं नाही रडले. इतकी वर्षं एका ओट्यावर काढली होती.

पण बोर्ड तसाच होता. मिस्टर म्हणाले, "त्या चेहऱ्यावर गिऱ्हाईक येतंय, काढून कसं चालंल?" ओळखीची माणसं सिग्नलला थांबून तिला हात जोडायची. आणि मी त्याच सिग्नलला स्कूटीवर, कुणाला दिसतही नव्हते. मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो का? वाटतो हो. मला वाटायचा.

दिवाळीनंतर सुरुवात झाली.

एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांच्या सूनबाई फ्लॅट बघायला आल्या. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, दूध उतू गेलं वाटतं तुमचं. करपल्याचा वास येतोय."

मी आत गेले. शेगडी कोरडी. खाली सिलिंडर नाही...

पण वास होता.

मिस्टर म्हणाले, वॉचमनच्या खोलीतून येत असेल. मीही तसंच धरलं.

मग एक शिक्षिका आल्या. मी जिन्यात फोनवर बोलत होते, त्या आत एकट्या. बाहेर आल्या त्या जरा रागातच.

"विकायचा नाही तर दाखवता कशाला?"

"कोण म्हणालं विकायचा नाही?"

"तुम्हीच की. मी विचारलं, हाच फ्लॅट देता का? तर स्वयंपाकघरातून 'नाही' म्हणालात."

मी तर जिन्यात होते...

दुसरा फ्लॅट दाखवते म्हणून मी त्यांना खाली नेलं.

एवढं होऊनही मी मागं हटले नाही. का हटू? फ्लॅट माझा होता. शब्द मला दिला होता. उन्हाळ्यापर्यंत सगळं बुकिंग संपलं, बोर्ड उतरला, आणि अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरून मी गृहप्रवेश ठरवला.

सकाळीच सगळे पोचलो. अव्वांचे गुडघे धरलेले, त्या जुन्या घरीच थांबल्या. आमच्या मठाच्या स्वामींनी पूजा केली. नवा सिलिंडर जोडला. तिप्पण्णा गवळ्याकडून म्हशीचं ताजं दूध आणलं होतं. मी शेगडीला हळदकुंकू वाहिलं, पातेलं ठेवलं, गॅस पेटवला. सगळे दाटीनं उभे राहिले.

दूध तापलं.

कडेनं बुडबुडे आले. साय धरली. साय थरथरली, जरा वर आली...

आणि खाली बसली.

पुन्हा वर आली. पुन्हा बसली.

"गॅस वाढव," मिस्टर म्हणाले. गॅस पूर्णच होता.

कुणीतरी म्हणालं, "ऊन लई हाय, नासलं असंल." नासलं नव्हतं. ते टाकून दुसरं पातेलं ठेवलं. तेच. स्वामी घड्याळाकडं बघायला लागले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या कानशिलांवरून घाम वाहत होता आणि मला एवढंच वाटत होतं, दानेश्वरीच्या हातून पहिल्या झटक्यात गेलं होतं. पहिल्या झटक्यात!

तेवढ्यात दाराशी उभे असलेले गुरुराज भावजी हळूच म्हणाले, "वहिनी... वास येतोय."

करपलेल्या दुधाचा. सगळ्यांनाच आला.

भावजी वळले आणि जिना उतरून निघून गेले. मागं वळूनही बघितलं नाही.

शेवटी मिस्टरांनी सगळ्यांना खाली जेवायला नेलं. पार्किंगमध्ये पंगत होती. मी म्हणाले, "दूध उतू गेल्याशिवाय मी येणार नाही."

फ्लॅटमध्ये मी एकटी राहिले.

बाहेर ऊन. खालून पंगतीचा आवाज. समोर पातेलं.

मग खालचा आवाज येईनासा झाला... एकदम. पंख्याचाही नाही. दूध उकळत होतं, बुडबुडे दिसत होते, पण त्याचाही आवाज नव्हता.

मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला.

"दाने," मी म्हणाले, "मी थोरली हाय. खपले मी ह्या घरासाठी. तू काय केलंस? नुसती उभी राहिलीस फोटोत. सोड आता."

काहीच नाही.

मग...

टिंग... टिंग.

माझ्या शेजारी. अगदी कानाजवळ.

माझ्या हातात चमचा नव्हता. चमचा लांब, पूजेच्या ताटात होता.

मी पातेल्यात बघितलं. पातेलं रिकामं. कोरडं. थेंबसुद्धा नाही. ओट्यावर सांडलेलं नाही, बुडाला लागलेलं नाही. खाली गॅस भसभसा जळत होता. मी पातेल्याला हात लावला.

गार होतं.

तेव्हाच फोन वाजला. माझी किंकाळी निघाली. अव्वांचा फोन होता.

"वैजू, दूध ठिवून गेलीस व्हय गं गॅसवर? हालु उक्कितु! समदा ओटा भरला की."

हालु उक्कितु म्हणजे दूध उतू गेलं.

"अव्वा, मी दूध ठेवलं नव्हतं. घरात दूधच नव्हतं. सगळं इकडं आणलंय."

"मग हे कुटलं? कढत हाय की. पदरानं पुसायला गेले तर हात भाजला."

"गॅस चालू आहे का?"

पलीकडून शेगडीचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग अव्वा म्हणाल्या, "न्हाय गं... गॅस बंदच हाय."

मग आवाज खाली आणून विचारलं.

"तू सोप्यात लपलीस का काय? आत्ता चमचा वाजवलास न्हवं?"

मी फोन तसाच धरून जिन्याकडं पळाले. चप्पलसुद्धा घातली नाही.

त्या रात्रीपासून आजपर्यंत मी जुन्याच घरात झोपते. नंतर खूप विचार केला तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिनं वाटणी केली. थोरलीला जुना ओटा, तिला नवा. माझं दूध उचललं आणि माझ्या जागी नेऊन उतू घातलं. हितंच राहा म्हणाली मला.

मेल्यावरही नवं ते तिलाच!

फ्लॅटला कुलूप लावलं. मिस्टर दूध खराब होतं म्हणतात. अव्वांनी जुना ओटा धुऊन घेतला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांच्या हातावर डाग अजून आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

गेल्या महिन्यात गुरुराज भावजींचं दुसरं लग्न झालं. मुलगी मंगळवेढ्याची, आरोही. साधी आहे, बोलायला गोड. घरात सगळे तिच्या भोवती भोवती. आता मिस्टर म्हणतात, "आपण तर राहत न्हाय. कोपऱ्याचा फ्लॅट त्या दोघांना देऊ."

मी ओट्यावर खपले. खिडकी मी मोठी करून घेतली. आणि देऊ म्हणे!

परवा दुपारी आरोहीला फ्लॅट दाखवायला मीच घेऊन गेले. किल्ली माझ्याकडंच असते. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती तोवर आत गेली होती. मी उंबऱ्यातच थांबले. माझ्या नाकात तोच वास. करपलेला.

ती पूर्वेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. नेमकी तिथंच.

मग वळून हसली.

"ताई, किती छान वास येतोय इथं... ताजं दूध तापत असल्यासारखा."

मी किल्ली हातात घट्ट धरून उभी राहिले. हिला करपलेला वास येत नव्हता.

येत्या सोमवारी त्यांचा गृहप्रवेश आहे. दूध आरोही उतू घालणार. मी थोरली, मला शेजारी उभं राहावं लागणार.

दूध उतू गेलं नाही तर काय होईल, ह्या विचारानं मला झोप लागत नाही.

आणि त्याहून जास्त भीती वाटते ती ही, की आरोहीच्याही हातून पहिल्या झटक्यात उतू जाईल.