आकड्याच्या नावावरची फाइल

लाइट गेली की काकांना कंठ फुटतो. इन्व्हर्टर घ्या म्हणून सगळ्यांनी वर्षभर डोकं खाल्लं, तरी त्यांनी घेतला नाही, तो बहुधा याचसाठी. पुतणे-पुतण्या जिन्यावर बसले आणि काका सुरू झाले.

"आमच्या हॉस्पिटलात घडलेलं सांगतो. मुलगी माझ्या ओळखीची. डोळे मिटा."

"अंधारच आहे, काका," धाकटी म्हणाली.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारची रात्र. अमावस्या वगैरे काही नव्हती. तळघरातल्या थंडगार खोलीत ती मुलगी सर्व्हरच्या रॅककडे पाठ करून लॅपटॉपसमोर बसली होती. युनिक्सचं जुनं मशीन. जुनी सिस्टिम काढायची, नवी चढवायची आणि उजाडायच्या आत मशीन उभं करायचं. कॅन्सरच्या पेशंटना किरण देणारं यंत्र प्रत्येकाचा डोस याच सर्व्हरवरून घ्यायचं. सोमवारी पहिला नंबर तिच्या वडिलांचा होता.

त्यांचा फोन आला. "जेवलीस का गं?"

"बाबा, झोपा. सकाळी सातला यायचंय."

"मशीन चालू असेल ना?"

"मी आहे ना!"

आधी तिने साफसफाई केली. सर्व्हरवर अण्णांचं खातं अजून होतं. अण्णा म्हणजे हे मशीन सांभाळणारा आधीचा माणूस. एका बोटाने टाइप करायचा आणि कुणाला काही शिकवायचा नाही. कंजुषासारखा जगला आणि गेल्या वर्षी गेला. 'मेलेल्या माणसाला लॉगिन कशाला?' म्हणत तिने खातं उडवलं. युनिक्समध्ये माणूस काढला तरी त्याच्या फाइली राहतात. मालकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा दिसतो.

मग अपग्रेड. मग रीस्टार्ट. आणि स्क्रीन अडकली. नव्या सिस्टिमला डिस्कच सापडेनात.

"बॅकअप नव्हता?" धाकटीने विचारलं.

"होता की. परत चढवून कुणी कधी बघितला होता?"

तिने चढवून बघितला. अर्ध्यात मेला. जुनी सिस्टिम परत आणायला गेली, तीही उठेना. कुठली डिस्क कुठे जोडायची, हे फक्त अण्णांना माहीत होतं. साडेतीन वाजले. ती रिकाम्या खोलीवर ओरडली, "आयुष्यभर सगळं डोक्यात ठेवलंत, अण्णा! मेलात तेही घेऊनच! काय हवं ते घ्या, पण हे मशीन उठवा!"

पंख्यांचा आवाज.

मग... टक.

मागे. रॅकवरच्या कीबोर्डवर.

टक... टक...

एकच बोट.

ती वळली नाही. समोरच्या लॅपटॉपवर ओळी सरकू लागल्या. एक डिस्क जोडली गेली. दुसरी. तिसरी... तिने कमांड टाइप करून विचारलं, मशीनवर कोण आहे. दोन ओळी आल्या. एकीत तिचं नाव. दुसरीत नुसता आकडा. बसलाय कुठे? रॅकच्या कीबोर्डवर.

टक...

मग काहीच नाही.

सकाळी सर्व्हर लख्ख चालू होता. सगळ्या पेशंटच्या फाइली उघडल्या. एक सोडून. बाबा हॉस्पिटलचा गाउन घालून बाकावर बसले होते आणि यंत्र म्हणत होतं, परवानगी नाही. त्यांच्या फाइलचा मालक तो आकडा होता.

"मग मालक बदलायचा ना! एका ओळीची कमांड आहे," धाकटी तडकली.

"बदलला. परत आकडा. नवी फाइल केली. उघडायच्या आत तिच्यावरही आकडा. मोठमोठे लोक बोलावले. सगळे म्हणाले, असं होऊच शकत नाही."

"दुसरं हॉस्पिटल?"

"नेलं. तिथल्या मशीनवर नाव टाकलं..."

काकांनी एका बोटाने जिन्याच्या कठड्यावर वाजवलं. टक... टक...

"बाबा तिला म्हणायचे, होईल गं उद्या. पावसाळ्याआधीच गेले."

जिन्यावर कुणीतरी पाय आखडून घेतले.

"गेल्यावर तिने फाइल पुसायला मशीन उघडलं. सवयीने विचारलं, कोण आहे? तीन ओळी आल्या. तिची. आकड्याची. आणि तिसरीत... बाबांचं नाव."

"मग?"

"बाबा नुसते पेशंट. त्यांचं खातं तिने कधी उघडलंच नव्हतं."