अकराव्या सिलिंडरचं वजन

समोर बसलेल्या बाईंनी पेला तोंडाला लावला आणि निम्मं पाणी पदरावर सांडलं. भावोजींनी पुढे होऊन तो काढून घेतला. घड्याळात सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"चार वाजता जहाज सुटतंय," बाई म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ त्यावर आहे. आणि त्या जहाजाबद्दल कुणीतरी खोटं लिहिलंय."

टेबलापलीकडे वहिनी हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होत्या. पंधरा वर्षं सरकारी लेखापरीक्षणात घालवून त्यांनी नोकरी सोडली आणि खाजगी तपासाचं दुकान थाटलं. 'वहिनी' त्या खरं तर एकट्या भावोजींच्या, पण दिरानं हाक मारायची आणि गावानं उचलायची, असं होऊन सगळ्यांच्याच वहिनी झाल्या होत्या. भावोजी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ते वहिनींची गाडी चालवायचे, टिपणं घ्यायचे आणि दोघांच्या वाटणीचं घाबरून घ्यायचे.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाई नौदलाच्या पाठपुरावा कक्षात होत्या. कचेरीत त्यांना सगळे ताई म्हणत. सरकारी लेखापरीक्षक नौदलाला शिफारशी करतात: हे तपासा, ते दुरुस्त करा. त्यातली कुठली पाळली, कुठली नुसती दप्तरी पडली, याची नोंद ठेवणं हे ताईंचं काम. बाकी असेल ती शिफारस 'खुली', काम झाल्याचा दाखला आला की 'बंद'. दोन वर्षांत बंद झाली नाही तर ती लाल यादीत चढते आणि संसदेच्या समितीपुढे जाते.

"सतरा नंबरची शिफारस या जहाजाची. इंजिनच्या खोलीत आग लागली, तर दारं बंद करून आत वायू सोडतात. आग गुदमरून विझते. त्या वायूचे चोवीस सिलिंडर आहेत. ते कळून न येता गळतात, म्हणून एकेक काढून त्याचं वजन करा, अशी शिफारस. उद्या तिला दोन वर्षं होतील. काल संध्याकाळी बघते, तर बंद! मंगळवारी जहाजावर वजनं केल्याचा दाखला लावलेला."

"मग खोटं कशावरून?"

"माझा भाऊ त्याच खोलीत काम करतो. मंगळवारी दिवसभर तिथेच होता. कुणी फिरकलंसुद्धा नाही म्हणतो." ताईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. "आणि हे माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. पिशव्या आम्ही व्हरांड्यात खुंट्यांना लावतो, सगळी कचेरी तिथून ये-जा करते."

चिठ्ठी टाइप केलेली होती. 'भावाला या फेरीला पाठवू नका. आजारपणाची रजा टाकायला सांगा.'

भावोजींनी चिठ्ठी दोनदा वाचली. "धमकीच की ही!"

"तुमचा भाऊ या जहाजावर आहे, हे कुणाकुणाला माहीत?" वहिनींनी विचारलं.

"कचेरीत कुणालाच नाही. माझं सासरचं आडनाव वेगळं. कळलं असतं तर फाइल काढून घेतली असती माझ्याकडून." ताईंचा आवाज फुटला. "त्याला रजा टाक म्हटलं, तर म्हणतो, ताई, माझ्या जागी दुसरा कुणीतरी उतरेलच ना खाली? मला भीती वाटतेय हो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

वहिनी उठल्या. "भावोजी, गाडी काढा."

*

पाठपुरावा कक्षाचे प्रमुख कमांडरसाहेब उंचेपुरे होते. शिफारस सतराबद्दल आणि त्यांच्या सहीबद्दल बोलायचंय, एवढंच वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर फाटकावर पास तयार होते.

"दाखल्यावर आग-तपासनीसाची सही आहे," ते म्हणाले. "खाली मी सही केली. मी काय सिलिंडर उचलून बघू?"

"जहाज थांबवता येईल?"

"संशयावर? गोदीप्रमुख मला कच्चा खातील. खोटं कुठे आहे आणि कुणी केलं, ते दाखवा. मग मी फोन करतो."

"तुमच्या कक्षातल्या ताईंचा भाऊ त्यावर आहे."

"कुणाचा? ताईंचा?" साहेबांच्या भुवया कपाळात गेल्या. "हे मला आजच कळतंय!"

त्यांनी दाखला पुढे सरकवला. छापील फॉर्म, वर टाइप केलेले आकडे, खाली निळ्या शाईत सही. भावोजी मोठ्यानं वाचत वहीत उतरवू लागले. "पहिला: रिकामा अडुसष्ट किलो, भरलेला एकशे तेरा. दुसरा: रिकामा एकाहत्तर, भरलेला एकशे सोळा. तिसरा: एकोणसत्तर, एकशे चौदा..." दहाव्यापर्यंत त्यांना जांभई आली. "अकरावा: शहात्तर, एकशे एकवीस."

"पुरे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. भावोजींनी वहिनींना आजवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे त्यांची स्वतःची पाचावर धारण बसली.

तिथून ते आग-तपासनीसाच्या खोलीत गेले. तो मानेला सारखा रुमाल लावत होता. "मीच वजनं केली. टांगत्या काट्यानं, एकेक सिलिंडर. चार तास लागले."

"रिकामं वजन कुठे बघितलंत?"

"सिलिंडरच्या मानेवर ठोकलेलं असतं ना!"

"बरोबर. अकरावा बाकीच्यांपेक्षा जड आहे. कसा दिसतो हो?"

"कसा म्हणजे? चोवीसच्या चोवीस सारखे. एका ओळीत, एका उंचीचे."

जाता जाता वहिनींनी विचारलं, "ताईंच्या भावाला ओळखता?"

"त्यांना भाऊ आहे?" तो म्हणाला. एवढं एकच उत्तर त्यानं घाम न पुसता दिलं.

गोदीच्या भांडारातला भांडारपाल मात्र नाकासमोर चालणारा माणूस. काटा मंगळवारी नेला का, यावर त्यानं वही उघडून दाखवली. काटा महिनाभर हललाच नव्हता.

"तरी म्हटलं!" भावोजी पुटपुटले.

"तुमच्याकडे सिलिंडरांच्या रिकाम्या वजनांची यादी असेल," वहिनी म्हणाल्या. "अकरावा किती?"

"बासष्ट."

"शहात्तर नाही?"

"शहात्तरचा जुना होता. गेल्या वर्षी गंजला म्हणून बदलला. नवीन बुटका आहे, खाली लाकडी ठोकळा देऊन उभा केलाय. वहीत तेव्हाच दुरुस्ती केली मी."

"जुनी यादी कुणाकडे असेल?"

"दोन वर्षांपूर्वी लेखापरीक्षकांना पहिलं उत्तर गेलं, त्याला जोडली होती. एक प्रत त्यांच्याकडे, एक पाठपुरावा कक्षात."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन झाल्यावर तो म्हणाला, "जहाजावर सामान चढवून झालं म्हणे. शिडी साडेतीनला काढणार."

दीड वाजला होता.

*

पाठपुरावा कक्षाची खोली लांबट होती, आणि भिंतीभर फायलींची कपाटं होती. ताई आपल्या जागेवर होत्या, आणि टाइपरायटरपाशी हेडक्लार्क काका बसले होते. नौदलात चौतीस वर्षं काढलेली, या महिनाअखेर निवृत्ती. ताईंना काम त्यांनीच शिकवलं होतं.

"पोरी, डबा खाल्ला नाहीस अजून?" काकांनी आपल्या तांब्यातलं पाणी ताईंना ओतून दिलं. "जहाजं जातात आणि येतात. तुझाही येईल सुखरूप. बस."

त्या मायेच्या बोलण्यानं ताईंचे डोळे भरून आले. भावोजींनाही बरं वाटलं. सकाळपासून भेटलेला हा पहिलाच माणूस, जो कानावर हात ठेवत नव्हता.

"या कपाटाच्या किल्ल्या?" वहिनींनी विचारलं.

"एक ताईंकडे, एक माझ्याकडे," काका म्हणाले. "या चौतीस वर्षांत एकही शिफारस लाल यादीत गेली नाही माझ्या हातून. विचारा कुणालाही."

बाहेर आल्यावर भावोजींनी वहिनींची बाही ओढली. "किल्ली ताईंकडे! जुनी यादी ताईंच्या कपाटात! चोराच्या उलट्या बोंबा तर नव्हेत?"

"भावोजी, जिनं दाखला खोटा लिहिला, ती तो खोटा आहे म्हणून आपल्या दारात कशाला येईल?" वहिनी भराभरा जिना चढू लागल्या. "सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलवा. धावा!"

*

अडीच वाजता खोलीचं दार लागलं. साहेब, तपासनीस, भांडारपाल, काका, ताई. खिडकीतून जहाजाचं धुराडं दिसत होतं, आणि त्यातून धूर निघायला लागला होता. ताईंची नजर तिथून हलत नव्हती.

"दाखल्यातल्या कुठल्याही ओळीत भरलेल्यातून रिकामं वजा करा," वहिनी म्हणाल्या. "एकशे तेरातून अडुसष्ट. एकशे सोळातून एकाहत्तर."

भावोजींनी वही उघडली. "पंचेचाळीस. पंचेचाळीस. अरे, सगळीकडे पंचेचाळीस!"

"पंचेचाळीस किलो वायू नियमानं भरायचा असतो. पण खऱ्या काट्यावर कुठे चव्वेचाळीस येतात, कुठे साडेत्रेचाळीस. चोवीस सिलिंडर दोन वर्षांनी तंतोतंत भरलेले? ही वजनं केलेली नाहीत, बेरजा केलेल्या आहेत. काटा तर भांडारातून हललाच नाही."

साहेबांनी तपासनीसाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकला.

"हे जहाजावर गेलेच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "अकरावा सिलिंडर ठोकळ्यावर उभा आहे, हे त्यांना ठाऊक नाही. पण आकडेही त्यांनी लिहिलेले नाहीत. त्यातली जुनी वजनं त्यांच्या हाती असण्याचं कारण नाही."

"मी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून कक्षात ठेवतो," तपासनीस रडकुंडीला आला. "सगळेच ठेवतात! आम्ही फिरतीवर असलो की ऑफिस आकडे भरतं. हा दाखला मी आज पहिल्यांदा बघितला. बोललो असतो तर नोकरी गेली असती हो."

"आता आकडे कुणी भरले. अकराव्यापुढे शहात्तर लिहिलंय. सिलिंडरवर बासष्ट, भांडाराच्या वहीत बासष्ट. शहात्तर उरलाय फक्त जुन्या यादीत, आणि ती यादी इथे एकाच कपाटात आहे. किल्ल्या दोन. एक ताईंची." वहिनी थांबल्या. "राहिली चिठ्ठी. ती धमकी नव्हती, भावोजी. धमकी देणारा 'गप्प बस' म्हणतो, 'भावाला वाचव' म्हणत नाही. लिहिणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या: सिलिंडरांचा भरवसा नाही, आणि भाऊ जहाजावर आहे. साहेबांना भाऊ ठाऊक नव्हता, तपासनीसांना नव्हता. आणि काका, तुम्ही मघाशी ताईंना म्हणालात, तुझाही येईल सुखरूप. ताईंचं जहाजावर कोण आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका ताईंकडे वळले.

"एकदा तू जागेवर नसताना तुझा विसरलेला डबा द्यायला आला होता," ते म्हणाले. "टोपीवर जहाजाचं नाव होतं. चेहरा तुझाच. मी बोललो नाही कुणाला." त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "महिना राहिला होता गं. एकच लाल रेघ. सिलिंडर भरलेलेच असणार, असं मनाला समजावलं. पण झोप येईना, म्हणून चिठ्ठी ठेवली."

"जहाजावर एकशे दहा माणसं आहेत, काका," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थरथरत नव्हता, आणि भावोजींना तेच जास्त भयंकर वाटलं. "बाकीच्या एकशे नऊ जणांना चिठ्ठ्या कुणी लिहायच्या?"

साहेबांनी गोदीप्रमुखांना फोन लावला तेव्हा तीनला पाच कमी होते.

*

सव्वातीनला टांगता काटा इंजिनच्या खोलीत पोचला. जागा अरुंद, हवा तेलकट आणि गरम. ताईंचा भाऊ आणि तपासनीस एकेक सिलिंडर साखळीला अडकवत होते. भावोजींना खाली उतरायचं नव्हतं, पण वर एकट्यानं थांबायची त्याहून भीती वाटली.

पहिला एकशे अकरा भरला. चालण्यासारखा. सगळ्यांनी श्वास सोडला.

दुसऱ्याला काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. पोलादाचे एकाहत्तर गेले की वायू उरतो तेरा किलो.

तिसरा सत्तर. म्हणजे पोलाद, आणि किलोभर वायू.

तपासनीस शिडीच्या पायरीवर मटकन बसला. ताईंनी पुढे होऊन धाकट्याचं मनगट धरलं ते सोडेचनात, आणि तोही लहान मुलासारखा उभा राहिला. चोवीसपैकी नऊ सिलिंडर जवळपास रिकामे निघाले. जहाज सुटणार नव्हतं.

कक्षात परत आल्यावर भावोजींनी कधी नव्हे तो मोठा श्वास घेतला. "सुटलो बुवा!"

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. जमिनीपासून छतापर्यंत फायली, एकेकीच्या पाठीवर हिरवी पट्टी: बंद, बंद, बंद. "ताई, चौतीस वर्षांत इथून किती शिफारशी बंद झाल्या?"

"चार हजारांच्या वर."

"काका," वहिनींनी विचारलं, "कोऱ्या फॉर्मवर आकडे भरायची ही पहिलीच वेळ?"

काका खुर्चीत बसले होते. शेजारी पहारेकरी उभा होता. त्यांनी मान हलवली. पहिली नव्हती.

"मग खोट्या कुठल्या, ते सांगा. आत्ताच्या आत्ता."

काकांनी कपाटांवरून नजर फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा उलट. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

"आठवत नाही गं पोरी," ते ताईंना म्हणाले. "खरंच आठवत नाही."

कमांडरसाहेबांनी फोन उचलला. त्या वेळी समुद्रावर आणखी नऊ जहाजं होती, आणि पहिला फोन कुणाला लावायचा, हे त्यांना कळत नव्हतं.