शेवटचा भाजक

जेवण झालं, ओटा पुसून झाला, आणि बाईंनी रोजच्यासारखी वही काढली.

वहीत एकच संख्या होती. नऊ कोटी सत्त्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार आठशे अकरा. बाईंचे यजमान, मास्तर, शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी पोरांनी ती फळ्यावर लिहून विचारलं होतं, "सर, हिला कशानं भाग जातो?"

"बाबा, मोबाईल क्षणात सांगेल," लेक म्हणाली.

"आणि मग दुपारभर मी काय करू? माश्या मारू?"

तेव्हापासून रोज एक मूळ संख्या घ्यायची आणि भागायचं. दोनपासून सुरुवात. मास्तर निळ्या शाईत भागायचे, बाई हिरव्या शाईत गुणून ताळा करायच्या. नियम कडक होता: बाईंनी फुली मारली, की मास्तरांनी पुन्हा दोनपासून सुरू करायचं. तशी वेळ कधी आली नाही. दहा हजारांच्या आत भाग गेला नाही, तर पुढं शोधायची गरजच नव्हती; तिथवर मूळ संख्या बाराशे एकोणतीस, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षांचं काम.

शेवटचे चार भागाकार उरले आणि मास्तर दवाखान्यात गेले. तिथं बाईंचा हात धरून हळूच म्हणाले, "काळजी करू नकोस... हिचा निकाल लागेपर्यंत मी कुठं जात नाही."

दुसऱ्याच दिवशी गेले.

आठवड्यानं बाईंनी वही उघडली, तर पुढचा भागाकार मांडलेला होता. निळ्या शाईत, नवाचं शेपूट लांब ओढलेलं. खोटं कशाला सांगा, बाईंनी वही दाणकन मिटली, मग पुन्हा उघडली. पण हाताला सवय. त्यांनी ताळा केला. बरोबर होता. दुसऱ्या दिवशी पुढचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा. खोलीत ओल्या शाईचा वास यायचा आणि तेवढा वेळ घर भरल्यासारखं वाटायचं. बाई दुपारची वाट पाहू लागल्या.

आज चौथा दिवस. शेवटचा भाजक, नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. भागाकार दहा हजार सात. बाकी शून्य.

शून्याखाली दोन ठसठशीत रेघा होत्या. बाईंनी तीनदा गुणून पाहिलं. शेजारची रिकामी खुर्ची करकरली, माणूस उठताना करकरते तशी.

"थांबा..." बाई पुटपुटल्या. "अहो, थांबा ना..."

जन्मभर शाळेत शिकवून कुणाला अर्धा गुणही खोटा न दिलेल्या बाईंनी त्या बरोबर उत्तरावर हिरवी फुली मारली.

खुर्ची पुन्हा करकरली. मग सगळं शांत झालं. बाईंना स्वतःची लाज वाटली, पण साडेतीन वर्षं मिळाली होती.

दुसऱ्या दुपारी नव्या पानावर निळ्या शाईत दोननं भागलेलं होतं. बाकी एक. बाई हसल्या आणि ताळा करायला त्यांनी पेन उचललं.

ताळा झालेला होता. हिरव्या शाईत, त्यांच्याच अक्षरात.

पेनाचं टोपण अजून लावलेलंच होतं. बाईंनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं... शाई ओली होती, आणि शेजारच्या खुर्चीसारखी त्यांची खुर्चीही रिकामी होती.