हजेरीपटावरचा बारा नंबर

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. तिखटमीठ लावून सांगणं माझ्या मावशीच्या स्वभावातच नाही. तिने सांगितलं तसंच लिहिते.

मावशी सरकारी खर्चाने चालणारी मुलांची केंद्रं तपासायची. मुलं येतात का, काही शिकतात का, ते बघून अहवाल द्यायचा.

डिसेंबरातला गुरुवार. संध्याकाळचे साडेपाच. पाण्याच्या टाकीमागचं केंद्र.

कुलूप गंजलेलं. शिपायाने दगडाने ठोकून उघडलं.

"मुलं आत्ताच गेली, बाई."

"आणि कुलूप? तेही आत्ताच गंजलं का?"

चहा आणतो म्हणून शिपाई सटकला.

आत चटयांवर बोटभर धूळ. कॅरम बोर्ड अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. टेबलावरचा हजेरीपट मात्र चकाचक... वीस मुलं. तीन वर्षांत एकही गैरहजर नाही.

मावशीचं डोकंच फिरलं. रागाच्या भरात तिने त्या रिकाम्या खोलीत हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"एक नंबर."

"हजर."

आवाज मागच्या चटईवरून आला होता...

तिने वळून पाहिलं. कोणी नाही. धूळ तशीच.

"दोन." तिच्या तोंडून आपोआप निघालं.

"हजर."

तीन. चार. पाच. दर वेळी वेगळा आवाज. एकाला खोकला होता. एक बोबडं बोलत होतं. तिला थांबायचं होतं, पण जीभ थांबेना...

"बारा."

शांतता.

मग अगदी कानाशी, समजूत घातल्यासारखं...

"ती अजून जिवंत आहे, बाई."

मावशी बाहेर कशी आली, तिला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पटावरची नावं जन्ममृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. एकोणीस मुलं केंद्र उघडण्याआधीच गेलेली. मेलेली पोरं तक्रार करत नाहीत. कोणीतरी त्यांचीच नावं पटावर उतरवून घेतली होती.

बारा नंबरची मुलगी मागच्याच गल्लीत सापडली. दहा वर्षांची. केंद्र उघडलं त्या दिवशी स्वतः नाव देऊन आली होती.

"रोज जाते," ती म्हणाली. "कुलूप असतं. मग तिथेच रस्त्यावर खेळते."

मावशीने सगळं लिहिलं. ते आवाज तेवढे गाळले.

साहेबांनी अहवाल वाचला आणि परत सरकवला. "निवृत्तीला वर्षच राहिलंय ना तुमच्या? कशाला विंचवाच्या बिळात हात घालता? 'समाधानकारक' लिहा."

मावशीने लिहिलं. खाली सही केली.

चार महिन्यांनी त्या मुलीला ट्रकने उडवलं. केंद्राच्या बंद दारासमोरच. जागीच गेली.

मावशीने पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. पुढच्या तपासणीला नवा कारकून गेला. तासाभरात हसतच परत आला.

"लोक उगाच नावं ठेवतात, बाई. काय शिस्त आहे तिथे... हजेरी घेतली तर कशी पटापट उत्तरं देतात."

गैरहजर कोणी होतं का, ते मावशीने विचारलं नाही.

परवा मी तिला म्हटलं, अजून विचारता येईल त्याला.

ती उठून आत गेली...