बर्फखान्यातली ऊब

मिरकरवाड्याच्या बंदराला लागून परकारांचा बर्फखाना आहे. आहे म्हणायचं ते भिंती उभ्या आहेत म्हणून. बर्फ निघायचा बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली. पुढच्या पडवीत मासळीवाले आपले प्लास्टिकचे क्रेट रचतात आणि मागचं कोठार कुलूप लावून पडून असतं. मालकीण कुलसुम परकार. सारं बंदर त्यांना टीचर म्हणतं, कारण तीस वर्षं त्यांनी इथल्या पोरांना फिजिक्स शिकवलं. लग्न केलं नाही. भाऊ मजीद कुवेतला. त्याची बायको अकाली गेली, तेव्हा तो आपली चार वर्षांची तस्नीम बहिणीच्या ओटीत घालून परत विमानात बसला. म्हणाला, "आपा, आता हिला तूच." तेवढ्या शब्दांवर टीचरांनी पोर वाढवली, इंजिनिअरिंगला घातली.

मे महिन्याचा उकाडा होता. बंदरावरचे कुत्रे होड्यांच्या सावलीतून हलत नव्हते. अशा एका दुपारी तस्नीम कॉलेजचं टोळकं घेऊन आली.

"फुफी, मागचं कोठार देशील? थोडे दिवस."

"कोठार? कशाला गो? आंबे पिकत घालायचेत?"

"मशीन ठेवायचंय."

मशीन म्हणजे माणसाच्या उंचीच्या लोखंडी मांडणीत रचलेले आठ-दहा मोठाले कॉम्प्युटर, सगळे मिळून एकच अवघड गणित सोडवणारे. जगभरच्या कॉलेजांतली पोरं असे छोटे महासंगणक जुळवतात आणि त्यांची शर्यत लागते. ह्यांचा संघ निवड फेरीतून पार होऊन जर्मनीतल्या अंतिम फेरीला पोचला होता. कॉलेजच्या लॅबच्या वायरिंगला ते ओझं पेलेना. बर्फखान्याची जाडजूड लाइन मात्र अजून जिवंत होती.

संघाचा कप्तान स्वरूप गुहागरचा, शांत बोलायचा. तो म्हणाला, "टीचर, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वीज ओढली की दंड. आणि मशीन तापलं की पंखे जोरात फिरतात, ते वीज खातात. गणिताला उरते ती थोडकी."

"म्हणजे पंगत उपाशी आणि वाढपीच जेवून मोकळे," वेदिका म्हणाली. ती संघातली बडबडी.

टीचर हसल्या. त्यांनी किल्ली दिली.

खरं तर त्यांना बरंच वाटलं. त्या लहान होत्या तेव्हा नारळी पौर्णिमा झाली की बर्फखाना दिवसरात्र चालायचा. साखळीने डबे वर यायचे, पाण्यात बुडवून उलटे केले की लादी सुटायची आणि फरशीवरून घसरत जायची. तो आवाज अजून त्यांच्या कानात होता. अमोनियाचा उग्र वास, गोणपाट पांघरलेले गडी, दारात रांगेने उभ्या कोळणी. आता त्या खोलीत निदान पुन्हा माणसांचे आवाज घुमणार होते.

पहिल्या दोन-चार दिवसांतच पोरं नाचत बाहेर आली. मशीन तापतच नव्हतं. दिवसभर पूर्ण जोराने चालवा, हात लावला तर गार. स्वरूपने आधी पंखे मंद केले, मग निम्मे काढले, शेवटी सगळेच काढून पडवीत क्रेटांवर ठेवले. वाचलेली सगळी वीज गणिताला मिळाली. मागच्या वर्षीच्या विजेत्यांचे आकडे त्यांनी सहज मागे टाकले.

"ही खोली आपण जर्मनीला घेऊन जाऊया," वेदिका म्हणाली.

टीचर चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पण उष्णता जाते कुठे रे?"

"भिंतीत, टीचर. भिंती केवढ्या जाड आहेत."

टीचरांनी कप भरले. त्या भिंतींच्या पोटात त्यांच्या बापाने बूच भरून घेतलं होतं. बूच उष्णता ओढत नाही, म्हणून तर बर्फखान्याला घालतात. आणि तीस वर्षं त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं होतं, की उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आत गेल्या. ओतलेला चहा ओठांशी नेईपर्यंत निवला. त्यांनी दारापासून भिंतीवर तळवा फिरवायला सुरुवात केली. भिंत गार, दमट. मशीनच्या मागची भिंत तशीच. त्या पार मागच्या कोपऱ्यात पोचल्या आणि त्यांचा हात थांबला.

तिथे गिलावा ऊबदार होता. सगळा नाही. कोपऱ्यात पाठ टेकून कुणी उकिडवं बसलं तर भिंतीला जेवढं लागेल तेवढाच. उन्हात तापलेल्या दगडाची ऊब वेगळी असते. ही ऊब ताप उतरत आलेल्या माणसाच्या पाठीची होती.

मग त्यांना शेगडी आठवली.

अब्बा रोज सकाळी ह्याच कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवून घ्यायचे. बर्फाच्या कोठारात शेगडी! बाहेरचे लोक हसायचे. छोट्या कुलसुमने एकदा विचारलं होतं, "अब्बा, इथे शेगडी कुणाला?" अब्बा म्हणाले, "असतं एकेकाला थंडीचं," आणि पुढे बोलले नाहीत. धगधगते निखारे आत जायचे आणि घटकाभरात काळे होऊन बाहेर यायचे. एका वैशाखात कोळसा आला नाही. त्या दुपारी विठू नावाचा गडी लाद्या काढायला आत गेला तो भिंत धरत बाहेर आला. त्याला बंदरावर भर उन्हात निजवलं, वर चार गोधड्या घातल्या. दात वाजत होते. संध्याकाळी वाजायचे थांबले. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिला. दुसऱ्या दिवशी अब्बांनी राजापूरहून गाडीभर कोळसा मागवला, आणि कारखाना बंद होईपर्यंत कोपऱ्यातली शेगडी एकदाही चुकली नाही.

टीचर बाहेर आल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या. तरी अंगावरचा काटा जाईना.

"स्वरूप, मशीन इथून हलवा. आजच."

"टीचर, आता? पाठवायला आठवडा नाही राहिला. काही चुकलं का आमचं?"

काय सांगणार? जन्मभर पोरांना पुरावा मागायला शिकवलेल्या बाईच्या हातात पुरावा म्हणून भिंतीचा एक कोमट तुकडा होता.

"फुफी, दोन वर्षं घासलीयत आम्ही ह्याच्यासाठी," तस्नीम म्हणाली. "शेवटच्या चाचण्या आहेत. गुरुवारी उचलतो. बस?"

तिने फुफीचा हात हातात घेतला. पोरीचा हात गार होता. आतल्या गारव्यामुळे असेल, टीचरांनी मनाशी म्हटलं. पण एक विचार काही जाईना. मशीन चालतंय तोवर कोपऱ्याला ऊब मिळतेय, शेगडीसारखी. थांबलं तर?

गुरुवारी भर दुपारी लाइट गेली.

मेमध्ये जातेच. पोरं पडवीत आंबे चोखत होती, ती ओरडली आणि हसली. टीचरांनी तोंडं पाहिली. स्वरूप, वेदिका, बाकीचे तिघे.

"तस्नीम कुठाय?"

"आत. केबल मोजत होती."

टीचर धावल्या. कोठाराचं जाड दार लोटलेलं होतं. त्यांनी खेचलं. आत काळोख. मशीनची घरघर थांबली होती. इतकी शांतता त्या खोलीत त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"तस्नीम?"

"हां, फुफी."

आवाज मागच्या कोपऱ्यातून आला.

टीचर भिंत धरत निघाल्या. गार. गार. गार. कोपरा आला. तिथेही भिंत गार होती.

आणि भिंतीला पाठ टेकून तस्नीम उकिडवी बसली होती.

"इथे का बसलीस गो?"

"इथे बरं वाटलं."

त्यांनी तिचं मनगट धरलं. बर्फात दाबून ठेवलेल्या सुरमईसारखं लागलं. त्यांनी तिला ओढत, जवळजवळ फरफटत, उन्हात आणलं. घरी नेऊन थर्मामीटर लावला. त्यावर आकडाच येईना. डॉक्टर म्हणाले, प्रेशर उतरलंय, उकाड्याने होतं असं, मीठ-साखर द्या. टीचर तिच्या पायांपाशी गरम पाण्याच्या पिशव्या ठेवत राहिल्या, कुराणातल्या येतील त्या आयता पुटपुटत राहिल्या. विठूसारखे हिचेही दात वाजतील म्हणून कान तिच्या तोंडाशी लावून बसल्या.

दात वाजले नाहीत. संध्याकाळी तस्नीम उठून बसली आणि म्हणाली, "भूक लागली." टीचर भिंतीकडे तोंड करून रडल्या.

मशीन पोरांनी अंगणात सुटं करून पेट्यांत भरलं आणि रवाना केलं. पुढचे दिवस तस्नीम घरीच होती. एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारी पोर आता गॅसच्या ओट्यापाशी स्टूल घेऊन बसायची, फुफीशी गप्पा मारत. टीचरांना ते फार गोड वाटायचं. भात मात्र शिजता शिजत नव्हता. सिलिंडर संपत आला असेल, त्या म्हणाल्या, आणि दुसरा लावून घेतला.

जाऊ नको म्हणावं असं एकदा ओठांवर आलं. पण कारण काय द्यायचं? पोर हसत होती, खात होती, बॅग भरत होती. शिवाय ते जे काही होतं ते कोठारात होतं, आणि कोठाराला आता त्यांनी स्वतः कुलूप घातलं होतं. त्यांनी तिच्या दंडाला तावीज बांधला आणि जाऊ दिलं.

संघ जर्मनीला पोचला त्या दिवशी टीचरांनी धीर करून कोठार उघडलं. आत कोंदट, घामट उकाडा होता. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती, वर पाल चुकचुकली. जन्मात पहिल्यांदा त्या खोलीत त्यांना घाम आला. कोपऱ्यात त्यांनी हात टेकला. इतर भिंतींसारखीच भिंत. त्यांनी मोठा श्वास सोडला. दार लावता लावता मात्र फळ्यावरचं ते वाक्य कुठूनसं आठवलं, आणि त्या उंबऱ्यावर नको तितका वेळ उभ्या राहिल्या.

अंतिम फेरीच्या दुपारी व्हिडिओ कॉल आला. मोठं सभागृह, झगमगते दिवे, मागे इतर देशांचे संघ अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून कागदांनी वारा घेत होते. त्यांची मशीनं घोंघावत होती.

"टीचर, इथे पण पंखे लागत नाहीयेत," वेदिका ओरडून सांगत होती. "सगळे येऊन बघतायत. आपण पहिले आहोत." तिने स्वेटर घातला होता, वर शाल गुंडाळली होती. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मागे स्वरूप हात चोळत होता. त्याच्या तोंडापुढेही पांढरी वाफ येत होती, विरत होती.

"तस्नीमकडे दे," टीचर म्हणाल्या.

फोन फिरला. तस्नीम मशीनला पाठ टेकून बसली होती. अंगात पातळ कुर्ता.

"फुफी, आम्ही जिंकतोय."

"मशीन कधी बंद करणार गो?"

"संध्याकाळी. सगळ्यांना करावं लागतं, नियम आहे." ती हसली. शेजारी वेदिका खांद्याला खांदा लावून बसली होती, तिच्या श्वासाची वाफ दोघींच्या तोंडांवरून तरंगत होती. तस्नीम खूप वेळ बोलत राहिली, जेवणाबद्दल, ट्रामबद्दल, मजीदच्या फोनबद्दल. टीचर एक अक्षर ऐकत नव्हत्या. चष्मा पुसून त्या तिच्या हलत्या ओठांकडे बघत होत्या.

तिथून वाफ निघत नव्हती.